तात्यांचं हसू आणि माझे पाय

नवशिक्या फोटोग्राफरने सासऱ्यांचा फोटो काढू नये, हा माझा पहिला आणि कंबरेतून आलेला सल्ला आहे.

माझे सासरे, म्हणजे तात्या, शहाद्याजवळचे शेतकरी. त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि त्यांच्या लेकीची, म्हणजे माझ्या बायकोची, उज्ज्वलाची एकच इच्छा होती: माहेरच्या बैठकीच्या खोलीत तात्यांचा मोठा, हसरा फोटो लावायचा. अडचणी दोन होत्या. कॅमेरा समोर आला की तात्यांचा चेहरा सातबारा हरवल्यासारखा व्हायचा. आणि दुसरी अडचण त्यांनी स्वतःच ठणकावून सांगितली.

"भितवर एकलाना फोटो लागना म्हन्जे माणूस गया! लोके हार लई येतीन. मी आजून जित्ता शे!"

उज्ज्वला माझ्याकडे वळली. "यावखत तात्यासना हासता फोटो निंघना नही, त हाऊ कॅमेरा मी भंगारवालाले दी टाकसू!"

ती पोकळ धमकी नव्हती. तीन वर्षं मी पक्ष्यांचे फोटो काढत होतो आणि माझ्या संग्रहात नुकताच पक्षी उडून गेलेल्या फांद्या भरपूर होत्या. म्हणजे पणाला माझा कॅमेरा होता, आणि उरलीसुरली अब्रू!

मी तोरणमाळ ठरवलं. थंडीतला सकाळचा तिरपा उजेड, मागे तलाव, स्थिर ट्रायपॉड आणि चित्राला खोली यावी म्हणून पुढच्या बाजूला काहीतरी (दगड, फूल, वाळकी फांदी). हे सगळं मी मोबाइलवर पाहून वहीत उतरवलं होतं. पण खान्देशी कुटुंब नुसता फोटो काढायला डोंगर चढत नाही! गाडीच्या डिकीत हिरवी वांगी, मिरच्या आणि कापसाच्या काड्यांची मोळी भरली गेली. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला सासूबाई भरीतच मानत नाहीत. ट्रायपॉड अख्खा घाट माझ्या मांडीवर बसून आला.

तलावाकाठी मी तात्यांना एका खडकावर बसवलं. तोवर सासूबाईंनी काड्या पेटवल्या. धूर सरळ माझ्या फोटोत! मी ट्रायपॉड डावीकडे नेला, धूर डावीकडे आला. उजवीकडे नेला, तो उजवीकडे आला. शेवटी मी धुराला शरण गेलो.

"हासा ना तात्या," मी म्हणालो.

"काब्र?"

"फोटोसाठी!"

"हासासारखं काय जयं?"

मी दोन विनोद सांगितले. तात्यांनी ते कुणाच्या तरी आजारपणाची हकिगत ऐकावी तसे ऐकले. मग त्यांना अचानक संशय आला. "मी एकलाच काब्र बठेल शे? सगळा इकडे या! एकलाना फोटो काढाना नही!"

"आम्ही कशा येवूत? वांगा करपी जातीन!" सासूबाईंनी निखाऱ्यावरून नजरही हलवली नाही.

"मंग जवाई, तुम्ही या."

माझ्या डोक्यात कपट शिरलं. आपण शेजारी बसायचं आणि घरी गेल्यावर कॉम्प्युटरवर स्वतःला कापून टाकायचं! मी दहा सेकंदांचा टायमर लावला, बटण दाबलं आणि धावलो. (टायमर लावण्याआधी धावायची वाट एकदा नीट बघून घ्यावी, असं वहीत नव्हतं.)

"जवाई, वांगा! वांगा देखा!" सासूबाई किंचाळल्या.

मी देखली. पण तेव्हा माझा उजवा पाय नुकत्याच सोललेल्या, गरमागरम वांग्यांच्या परातीत होता! परात सटकली, तिच्यासोबत पाय सटकला, त्याच्या सोबतीला दुसराही निघाला आणि मी पाठीवर आडवा झालो. त्याच क्षणी कॅमेऱ्याने आपलं काम केलं.

आणि त्या 'क्लिक'बरोबरच मी एक आवाज ऐकला, जो लग्नाला बावीस वर्षं होऊनही कधी ऐकला नव्हता. तात्या हसत होते! पोट धरून, टोपी सावरत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी लंगडत कॅमेऱ्यापाशी गेलो आणि ओरडलोच. काय फोटो होता! धुरातून तिरपी उतरलेली उन्हाची किरणं, मागे तलाव, आणि मधोमध उरलेले सगळे दात दाखवत हसणारे तात्या. खालच्या कोपऱ्यात आकाशाकडे तळवे केलेले माझे दोन पाय. एकाला वांगं.

उज्ज्वलाचे डोळे भरून आले. "इतला हासता तात्या मीभी कधी देखात नहीत," ती म्हणाली. मलाही भरून आलं, पण सगळ्यांना वाटलं कंबर दुखतेय.

घरी मी पाय कापायला बसलो (कॉम्प्युटरवर!). तात्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि माझा हात धरला.

"पाय काढाना नहीत! त्या पाय शेतस म्हनीसन मी एकला नही. आते लावा भितवर."

वाढदिवसाला अख्खं गाव तो फोटो बघून गेलं. शहाद्याच्या स्टुडिओवाल्यानेसुद्धा चष्मा काढून, पुसून, पुन्हा पाहिला आणि "पुढे पाय घेण्याची कल्पना कशी सुचली?" असं आदराने विचारलं. मी "अनुभव" एवढंच म्हणालो. कॅमेऱ्याला आता घरात स्वतंत्र कपाट आहे.

बाकीच्या जावयांचे पाय लग्नात एकदा धुतात आणि विसरतात. माझे मात्र सासूबाई दर शनिवारी फोटोच्या काचेवरून ओल्या फडक्याने पुसतात!