मामांचा आंबट पाव

कुठलीही वस्तू हातात आली की मामा ती उलटी करायचे, बुडावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावायचे. कलिंगड असो, नवीन आलेलं स्टूल असो, खडूचं खोकं असो. "आतनं पोकळ आवाज आला की समजायचं, झालं," असं ते म्हणत. खडूच्या खोक्यात काय व्हायचं असतं, हे मला पहिले सहा महिने कळलं नव्हतं.

नव्वद सालानंतर लगेचच मी रहिमतपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. मामा तिथल्या प्रयोगशाळेचे परिचर, सगळ्या शाळेचेच मामा. निवृत्तीला तीनेक वर्षं उरलेली. बायको मागेच गेलेली, मुलगा पुण्याला. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्कानं पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत आया म्हणून उमर काढली आणि म्हातारपणी ती भावाकडं राहायला आली.

टायफॉइडमधून उठल्यावर आक्काचं अन्नावरून मन उडालं. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची. काय खावंसं वाटतं विचारलं, तर म्हणाली, बोर्डिंगातला आंबट पाव. मामांनी गावातल्या बेकरीतला आणला. आक्कानं तो बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाली, "ह्यो कापूस हाय." मामा रजा टाकून पाचगणीला जाऊन आले. तो आचारी कधीच सोडून गेला होता.

कृती मात्र आक्काला बघून बघून पाठ होती. पीठ-पाणी कालवून ठेवायचं, रोज थोडं काढून टाकायचं, तितकं नवं घालायचं. आठ-दहा दिवसांत ते आपणहून फसफसायला लागतं. यीस्ट लागत नाही. लागते ती भट्टी, आणि ती मामांकडं नव्हती.

पहिला पाव तव्यावर झाला. ती जाड भाकरीच होती. दुसरा शिट्टी काढलेल्या कुकरात. तो त्यांनी मला दाखवायला आणला आणि आम्ही त्यानं प्रयोगशाळेच्या टेबलाचा निसटलेला खिळा ठोकला. पुढं मामांना युक्ती सापडली. बिडाची कढई चुलीवर चांगली तापवायची, फुगलेला गोळा तिच्यात सोडायचा, दाढीच्या ब्लेडनं वर एक चीर द्यायची. झाकण म्हणून जुना तवा, आणि तव्याच्या खळग्यात निखारे. खालून आच, वरून आच. पाव फुगला, तडकला, खरपूस झाला, उलटा करून टकटक केल्यावर पोकळ वाजला. शिक्षकखोलीत तो पाच मिनिटं टिकला नाही.

आक्का तुकडा नाकाशी धरायची, सावकाश चावायची, संपवायची आणि म्हणायची, "अजून न्हाई." मामा पुन्हा पीठ भिजवायचे.

उन्हाळा लागला तसं घरातल्या बरणीतलं आंबवण बिघडायला लागलं. दगडी भिंतींची प्रयोगशाळा गार, म्हणून मामांनी माझ्या परवानगीनं बरणी तिथल्या कपाटात ठेवली, ॲसिडापासून लांब. त्यातच शिक्षण खात्याच्या साहेबांची तपासणी आली. साहेबांना वास येऊ नये म्हणून मामांनी त्या दिवशी झाकण घट्ट आवळलं. साहेबांनी कपाट उघडलं, बरणी हातात घेतली आणि झाकण फाटदिशी उडालं. साहेबांच्या बुशशर्टावर पीठच पीठ.

हेडसरांनी मामांकडं पाहिलं ते पाहून मला त्यांच्या नोकरीची उरलेली वर्षं धोक्यात दिसली. मी पुढं होऊन म्हणालो, हा नववीच्या वर्गाचा किण्वनाचा प्रयोग आहे. साहेबांनी शर्ट पुसत मामांनाच विचारलं, यात नेमकं काय होतं?

"साहेब, ह्यात बारीक जीव हायती," मामा म्हणाले. "पीठ खात्यात आन् श्वास सोडत्यात. आज मी त्यांचं तोंड बांधलं. चूक माझी हाय."

साहेबांना हसू आलं. शेऱ्यात शाळेचं कौतुक झालं. संध्याकाळी कुलूप लावताना मामा मला म्हणाले, "सर, माझ्यापायी खोटं बोललासा. आता ते खरं करायला पायजे." दुसऱ्या दिवशी बरणी नववीच्या वर्गात गेली. मी तीन तासांत जे समजावू शकलो नव्हतो, ते मामांनी अर्ध्या तासात समजावलं.

अडीच वर्षांनी माझी सांगलीला बदली झाली. निरोप घ्यायला मामांच्या घरी गेलो, तेव्हा आक्का जाऊन महिना झाला होता. पाव नुकताच कढईतून निघाला होता. पण मामा कापू देईनात. गरम कापला तर आतून चिकट राहतो, निवू द्या म्हणाले. माझी चारची गाडी चुकली. पाव निवेपर्यंत आम्ही उंबऱ्यात बसून राहिलो आणि तिथं त्यांनी सांगितलं, की शेवटी शेवटी त्यांनी आक्काला विचारलं होतं, पावात नेमकं काय कमी पडतंय?

आक्का म्हणाली होती, "मला काय ठावं? त्यो पोरांचा पाव. आम्हा आयांना भाकरीच असायची. मी नुसता वास घेतलाय."

मग इतकी वर्षं 'अजून न्हाई' कशाला म्हणत होतीस, असं मामांनी विचारलं.

"झाला म्हनले असते, तर परत केला असतास व्हय?"

हे सांगताना मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ठसका थांबल्यावरही ते बराच वेळ पंच्यानं तोंड पुसत होते.

ती आमची शेवटची भेट. पुढं ते मुलाकडं पुण्याला गेले आणि तिथंच वारल्याचं मला उशिरा कळलं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी तो अख्खा पाव चहात बुडवून संपवला. कसा झालाय, ते दोघांपैकी कुणीच बोललं नाही.