झुंबरमावशीची दोन दारं

झुंबरमावशी तुरुंगात पहारेकरीण होती. उचगावात आमच्या शेजारीच राहायची. बाई आवाजाला दणकट आणि डोक्यानं सरळ. कसलाही घोळ समोर आला की एका वाक्यात निकाल लावायची आणि चहा मागायची. एक घोळ मात्र तिला जन्मभर सुटला नाही.

बायकांच्या विभागाला एकामागोमाग दोन दारं होती, मधे चार माणसं उभी राहतील एवढी जागा. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. साहेब असो की कैदी, सगळ्यांना तोच नियम, आणि किल्ल्या मावशीच्या कमरेला.

सत्त्याण्णव साली दीप्ती नावाची पोर तिथून निघाली. आई शिवांजली जन्मठेपेवर, पोर आतच जन्मलेली. आत ठेवता येतं तेवढं तिचं वय भरलं, म्हणून इचलकरंजीहून आजी न्यायला आली होती. आईला आतल्या दाराच्या पलीकडं येता येत नव्हतं. पोर हात सोडेना, तेव्हा ती म्हणाली, "तू हो म्होरं, मी येतीच की मागनं."

मला त्या बाईचा राग येतो. सरळ खोटं बोलली. पण दुसरं काय बोलायला हवं होतं, तेही मला सांगता येत नाही.

मावशीनं पोरीला मधल्या जागेत घेऊन आतलं दार लावलं. पोर रडली नाही, उलट "बाहेरचं उघड की" म्हणून घाई करायला लागली. मावशी गोंधळली. रडणारी पोरं तिला समजत होती, ही हसत होती. तिनं दार उघडलं. पोर बाहेर गेली, आजीनं पुढं केलेला हात तिनं बघितलाच नाही. मागं वळून दोन्ही हातांनी दार ढकलून बंद केलं.

"लावलं गं मावशी!" बाहेरून आवाज आला. "आता आईचं उघड!"

मावशी दोन्ही दारांच्या मधे, हातात किल्ली. आतून शिवांजली विचारत होती, "गेली व्हय?"

"मला काय सुधरंना बघ," मावशी मला सांगायची. "पोरगी नियमानंच वागली हुती की. तिला चुकलीस म्हणू तरी कशी?"

आई काही येईना. दार नीट लागलं नसेल असं वाटून पोर बाहेरून पुन्हा पुन्हा, आणखी जोरानं ढकलत राहिली.