मनोरीला, दादाच्या माफीसाठी

"शनिवारी मनोरीला येतेस का गं?" असं दादानं विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी फेरीबोट आणि तळलेले बोंबील आले. मग ट्यूब पेटली. मनोरी म्हणजे आमच्या वडिलांचे जुने दोस्त पास्कू अंकल, त्यांचं गाव. कित्येक वर्षं दादा तिकडे फिरकला नव्हता.

माझा दादा दाविद लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. वाजवायचा झकास आणि प्यायचा बेसुमार. अंकलच्या मुलीच्या, रीटाच्या लग्नाची सुपारी त्याच्याच बँडला होती. नवरी दारात तयार, बँडवाले खोळंबलेले, आणि हा उशिरा आला, तोही झिंगत. "घरी जा," अंकल म्हणाले. यानं त्यांना ढकललं. ते पडले, मनगट मोडलं. रीटा बाजाशिवाय चर्चला गेली.

त्यानंतरही दारू सुटली नाही. वहिनी माहेरी निघून गेली. एका रविवारी दादा आमच्या घाटकोपरच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसला, आणि मग येतच राहिला. मध्ये दोनदा घसरला, पुन्हा त्याच बाकावर आला. आता वहिनी परत आलीय, घर शांत आहे.

"आता कशाला जुनं उकरतोस?" मी विचारलं.

"देवानं मला माफ केलंय, यावर आता माझा विश्वास बसलाय," तो म्हणाला. "म्हणून जायची हिंमत होतेय. आधी गेलो असतो तर नुसती स्वतःची सुटका मागायला गेलो असतो."

तर निघालो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगते: घाटकोपरहून मेट्रोनं वर्सोवा, स्टेशनबाहेरून रिक्षानं जेट्टी. वाटेत कोळीवाड्यात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात, वास सहन होत नसेल तर रुमाल ठेवा. मढची फेरी पाच-दहा मिनिटांची, तिकीट अगदी किरकोळ. सुटे जवळ असू द्या. मढहून बसनं मार्वे. डाव्या हाताला मधूनमधून समुद्र डोकावतो, खिडकी सोडू नका. मार्वेहून पुन्हा फेरी, आणि आली मनोरी. मला सगळंच आवडत होतं आणि दादाला काहीच दिसत नव्हतं. बोटीत शेजारच्या मावशीनं त्याला विचारलं, "बोट लागतेय का रे?" एवढा तो पांढरा पडला होता.

अंकलच्या गल्लीच्या तोंडाशी एक क्रूस आहे, झेंडूच्या माळा घातलेला. दादा तिथं थांबला. डोळे मिटून पुटपुटला, ते मला ऐकू आलं: "प्रभू, ते जे बोलतील ते ऐकायची ताकद दे. उलट उत्तर सुचू देऊ नकोस."

दार रीटानं उघडलं. ती सुट्टीसाठी माहेरी आली होती, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तिनं दादाकडे बघितलं आणि मागे वळून हाक मारली, "डॅडी, दाविद आलाय." आत या म्हणाली नाही.

अंकल हळूहळू बाहेर आले. खूप थकलेत. दादा ओट्याखालीच उभा राहिला. "अंकल, मी तुम्हाला ढकललं. रीटाच्या लग्नाचा सत्यानाश केला. माफी मागायला आलोय."

अंकलनी हात पुढे करून मनगट फिरवून दाखवलं. "बघ, जाळं अजून विणतो. हात बरा झाला रे. पण तुला दारातून हाकललं, आता तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू, याचंच वाईट वाटायचं. तो माझा दोस्त होता ना."

दादा रडला. अंकलनी त्याला खांद्याला धरून वर घेतलं.

रीटा मात्र सरळ बोलली. "मी चर्चला गेले तेव्हा रस्त्यात नुसत्या चपला वाजत होत्या. ते मी विसरणार नाही, दाविद."

दादानं मान हलवली.

मग ती म्हणाली, "जेवायला थांबा. मासे भरपूर आहेत."

बाटल्यांत भरून ठेवलेल्या घरच्या बॉटल मसाल्यातलं सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी. असं जेवण हॉटेलात मिळणार नाही, त्यामुळे पत्ता विचारू नका! अंकलनी सवयीनं दारूची बाटली काढली, ग्लास मांडले. मी दादाकडे बघितलं.

"मी सोडलीय, अंकल," दादा म्हणाला.

अंकलनी बाटली कपाटात ठेवली. स्वतःसाठीही ओतली नाही. रीटा उठली आणि सगळ्यांना कोकम सरबत घेऊन आली. पहिला ग्लास तिनं दादासमोर ठेवला.

परतताना गोराईमार्गे आलो. मनोरीहून रिक्षा, मग फेरी, मग बोरिवली. संध्याकाळी फेरीला रांग लागते, ऊन उतरायच्या आधी निघा. दादा बोटीत पार झोपला, तोंड उघडं टाकून. मी मात्र डोळे भरून खाडी बघितली.

घरी वहिनी वाट बघत होती. त्या लग्नाची गोष्ट तिनं दादाच्या तोंडून अनेकदा ऐकली होती, आणि दर वेळी त्या गोष्टीत कुणीतरी त्याला मुद्दाम पाजलेलं असायचं, अंकल आधी ओरडलेले असायचे. त्या संध्याकाळी त्यानं तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. उशीर मी केला. प्यायलो मी. ढकललं मी. रीटा काय बोलली तेही, जसंच्या तसं.

वहिनीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चल, हातपाय धू. भात टाकते."

पोट भरलेलं असूनही आम्ही दोघं पुन्हा जेवलो.