पेरू न विकणारा बागवान

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात कुणाच्या तरी सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होतो. फोन त्याच्या मुलाचा, इम्रानचा. "काका, अब्बा गेले..." एवढंच म्हणाला. मशीन तसंच चालू राहिलं आणि त्या सातबाऱ्याच्या इतक्या प्रती निघाल्या, की तो शेतकरी अख्ख्या तालुक्याचा मालक झाला असता. मला खरंच वाटेना. न्यायला आलेल्या फरिश्त्यालाही या माणसानं दारात अडवलं असणार. तुम्ही जेवता कधी, चालता किती, एवढ्या उंचावर उडून खांदे दुखत नाहीत का, असं विचारत संध्याकाळपर्यंत तरी रोखून धरलं असणार. कब्रस्तानात माती टाकली तेव्हा कुठे पटलं. त्यालाही आता काही महिने झाले.

आमचं गाव राहात्याच्या शिवेला लागून. इथं पेरूच्या बागा एवढ्या, की पाहुणा बसमधून उतरला तर आधी पेरूवर पाय पडतो आणि मग जमिनीवर. रफिक पिढीजात फळविका बागवान. पहिलीपासून माझ्या शेजारी बसलेला. त्याचा आवाज असा, की त्यानं गाडीवरून "पेरूऽऽ" म्हटलं की साखर कारखान्याचा भोंगा समजून कामगार पाळी बदलायचे. माणूस दिसला की प्रश्न, हा त्याचा रोग. याच आवाजाच्या जोरावर तो नगरपंचायतीत निवडून आला, असं त्याचे विरोधक म्हणत. मी म्हणतो, लोकांनी प्रश्नांना कंटाळून मत दिलं. निदान सभेत बसला तर आपली सुटका होईल!

सभेच्या कागदांच्या प्रती पोहोचवायला मी जायचो आणि दाराशीच बसून राहायचो. त्या दिवशी विषय होता शाळेतल्या मुलांचं आरोग्य. कुणी म्हणालं फेरी काढू, कुणी म्हणालं फलक लावू, कुणी म्हणालं आणखी एक ओपन जिम बसवू. आधीची जिम शाळेमागेच होती. तिच्या यंत्रांना शेळ्या बांधलेल्या असायच्या, आणि आमच्या बोकडांच्या मांड्या बघून तालमीतले पैलवान मान खाली घालायचे. रफिकनं विचारलं, "मधल्या सुट्टीत पोरं खात्यात काय, कुनी बघितलंय का?" कुणीच बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेच्या फाटकाशी उभा. माझं दुकान समोरच. पेरूच्या गावात पोरांच्या हातात काय, तर कुरकुऱ्यांची पाकिटं! रफिक बघतच राहिला. पुढच्या सभेत त्यानं ठराव मांडला, की दर बुधवारी नगरपंचायतीनं शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक पेरू द्यावा.

उपनगराध्यक्ष तात्यांचं सिमेंटचं दुकान. ते हसून हसून लाल झाले. "बागवान पेरू वाटनार! मग मी काय, पोरास्नी सिमेंट चारू? अरे, सरळ सांग ना, धंदा चालत न्हाई म्हनून." सगळी सभा हसली. रफिक हसला नाही. मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलताना ऐकलं. "माल बागाईतदारांकडनं घ्या, माझ्याकडनं एक फळ न्हाई. आन् ही योजना चालू असंस्तवर माझ्या गाडीवर पेरू दिसला, तर गाडी पेटवा." ठराव झाला, पण महिनाभर करून बघायच्या बोलीवर. घरी शमीमभाभींनी त्याची जी हजेरी घेतली ती पार बाजारपेठेपर्यंत ऐकू आली. "पेरू सोडून बागवानानं काय विकायचं? बेल्ट?"

पहिला बुधवार मी जन्मात विसरणार नाही. पोरांना पेरू मिळाले आणि मैदानावर युद्ध सुरू झालं. पेरूनं क्रिकेट, पेरूनं गोळाफेक, एक पेरू कौलांवरून जो गेला तो अजून खाली आलेला नाही. मुख्याध्यापक बाईंच्या स्कूटरचा आरसा फुटला. खाल्ला कुणीच नाही. तात्यांनी मोबाईलवर सगळं चित्रण केलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ते दुबईतल्या गाववाल्यांनीही बघून टाकलं. संध्याकाळी रफिक माझ्या दुकानात येऊन बसला. योजना महिन्यानं बंद पडली असती, तर तो पेरू पुन्हा विकायला मोकळा होता. पण मग डाव फसला म्हणून बागवान गाडीवर परत आला, असंच गाव कायम म्हणत राहिलं असतं. त्याच्या मनात मात्र वेगळंच. "दिन्या, ते म्हनतील ते म्हनतील. पन पोरं खात का न्हाईत रे? पेरू वाईट हाय का?"

मग त्यानं तपास लावला. पोलिसांनी चोरांचाही एवढा लावला नसेल. बिया दातात अडकतात म्हणून? नाही. पोटात झाड उगवेल या भीतीनं? पहिलीतले दोघं हो म्हणाले, बाकीची हसली. घरी रोजच असतो म्हणून? थोडंफार. एक दिवस पाचवीतल्या एका मुलीला त्यानं गाठलं. पेरू दप्तरात, हातात पाकीट.

"बेटा, हा का खाल्ला न्हाई?"

"मग मैत्रिणींना काय देऊ?"

"त्यातलाच दे की."

"ई... चावला की उष्टा होतो. बाई रागावतात. कोरोनापासून उष्टं बंद हाय." असं म्हणून तिनं पाकीट फोडलं आणि चार बाजूंनी चार हात आत गेले.

रफिक त्या चार हातांकडे बघत उभा राहिला... मग त्यानं तिचा पेरू घेतला, सदऱ्याचं टोक त्यावर गुंडाळलं आणि कचकन चावून तुकडा तोडला. "हा घे. चिमनीचा दात. आमी असंच वाटायचो." पोरांनी आ वासला. फाटकातून बाईंचा आवाज आला, "रफिकभाई, सदरा धुतला होता कधी?"

तो माझ्याकडे धावत आला तो पोरासारखा. "आरं, सापडलं! आपन एका डोक्याला एक पेरू दिला. पोरं एकएकटी खातच न्हाईत. नगरपंचायतीला डोकी मोजता येत्यात रे, टोळकी न्हाई!" पुढच्या बुधवारी बचत गटाच्या बायकांनी पेरू धुऊन, कापून, मीठ-तिखट लावून ताटांत मांडले. पाचजणांत एक ताट. घंटा झाली तरी पोरं ताटं सोडेनात.

महिन्यानंतरच्या सभेत रफिकनं भाषण केलं नाही. तात्या आणि त्यांच्या चार माणसांच्या मध्ये एक ताट नेऊन ठेवलं. आधी गटारींचा विषय निघाला, मग दिव्यांचा, मग पुन्हा गटारींचा. पोरांच्या विषयाला पोचेपर्यंत ताट चाटूनपुसून साफ. रफिकनं विचारलं, "तात्या, अख्खा पेरू हातात दिला असता, तर खाल्ला असता का?" तात्यांनी बोटाचं तिखट चोखलं. "खिशात ठेवला असता," म्हणाले. योजना कायम झाली.

आणि रफिकच्या गाडीवरचा पेरू कायमचा गेला. हंगामात सगळ्या गाड्या पांढऱ्या-हिरव्या दिसायच्या, याच्या गाडीवर केळी, पपई, डाळिंब आणि एक मोकळा कोपरा. गिऱ्हाइकानं पेरू मागितला तर तो शेजारच्या गाडीकडे बोट दाखवायचा. भाभी वर्षभर कुरकुरल्या, मग त्यांनी कुरकुरणंही सोडलं. मी एकदा म्हणालो, आता कोण बघतंय, ठेव की टोपलीभर. तर मलाच विचारतो, "दिन्या, तू मागं वळून न बघता किती लांब चालू शकतोस?" या प्रश्नाचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

परवा बाजारात त्या गाडीशी थांबलो होतो. आता इम्रान बसतो, शेजारी भाभी. तात्या आले. बराच वेळ डाळिंबं उलटीपालटी करत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आता ठेवा पेरू. मी काय बोलनार न्हाई. कुनीच बोलनार न्हाई."

भाभींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "तात्या, तुम्ही बुधवार बंद करा. मी उद्या पेरू ठेवते."

तात्यांनी डाळिंब खाली ठेवलं. मोकळ्या कोपऱ्याकडे बघितलं.

"केळी द्या डझनभर," म्हणाले.