वेढ्यातला चहा

पेनरोज बहिणींच्या पुस्तकात चूक काढायची कुणाची टाप नव्हती. वीस वर्षं दर नाताळाला इंग्लंडातल्या पोराटोरांच्या हातात त्यांची एक नवी ऐतिहासिक गोष्ट पडायची. धाकटी लेटी गोष्ट रचायची. थोरली हेस्टर ती सुवाच्य अक्षरात उतरवून लंडनला छापायला धाडायची, शिवाय चूल, धुणं, कोळसा सगळं तिच्याच गळ्यात. एकदा हेस्टरने नक्कल करताना जुन्या काळच्या कुठल्याशा राजाच्या ताटात बटाटा वाढला, तर लेटीने तिला सळो की पळो करून सोडलं होतं.

"बटाटा? अगं ताई, तेव्हा तो आला कुठून, आभाळातून पडला? पोरं आपल्यावर विश्वास ठेवतात!"

आणि त्याच लेटीने या खेपेला, सातशे वर्षांपूर्वीच्या किल्ल्याच्या वेढ्यात, ह्यू नावाच्या पोराच्या हातात चहाचा कप दिला!

हेस्टरला आधी हसूच आलं. पुढच्या पानावर पुन्हा चहा. त्याच्या पुढे ह्यू बुरुजावर उभा राहून आगगाडीची वाट बघत होता. हेस्टरने टाक खाली ठेवला. परवा लेटीने दूधवाल्याला बाबा म्हणून हाक मारली, ती थट्टा नव्हती तर.

सांगायचं कसं? नवरा नाही, पोर नाही, रूपही बेताचंच. लेटीकडे एक डोकं तेवढं होतं, आणि देवाने हात घातला तो नेमका तिथेच. दुपारी कामं उरकली की हेस्टर नक्कल करायला बसायची आणि चहा काढून पाणी घालायची, आगगाडी काढून घोडेस्वार. बोटं ठणकायची, डोळे चुरचुरायचे. साठी उलटलेल्या बाईने एकटीने किती म्हणून ओढायचं? कधी कधी तिला लेटीचाच राग यायचा, आणि राग आला म्हणून मग रडू यायचं.

हेस्टर शेवटचं प्रकरण उतरवत असताना लेटी मागे येऊन उभी राहिली. हेस्टरने चटकन पानावर हात ठेवला.

"झाकू नकोस, ताई. तू माझा चहा काढतेस, ठाऊक आहे मला."

"कसला चहा? काहीतरीच तुझं!"

"तुला जन्मात धड खोटं बोलता आलं नाही." लेटी शेजारच्या खुर्चीत टेकली. "चुकलं ते मला नंतर कळतं गं. लिहिताना नाही कळत. लिहिताना तो पोरगा नुसता दमलेला दिसतो. तू काढ सगळं, काढायलाच हवं. पण हा शेवटचा कप राहू दे. केव्हाचा थंडीत उभाय बिचारा. मीही फार दमलेय आता."

हेस्टरच्या अगदी ओठांवर आलं, की शाळामास्तर फाडून खातील, वीस वर्षांचं नाव मातीत जाईल. पण तिने टाक शाईत बुडवला, कप होता तिथेच ठेवला, आणि त्यात आपल्या हाताने दोन चमचे साखर घातली, लेटीला लागते तेवढी.