अंगठ्याच्या बुडातलं हाड

मी कराडात बांगड्या भरते. आम्ही मुसलमान, पण सासूबाईंच्या काळापासून गिऱ्हाईक सगळ्या जातींचं. लग्नघरी हिरवा चुडा भरायला आम्हीच लागतो. काचेची बांगडी जोरानं चढत नाही. समोरचीचा अंगठा बुडाशी आत दाबून हात अरुंद करावा लागतो. बायकांचे अंगठे दाबता दाबता माझाच उजवा अंगठा कामातून गेला. बरणीचं झाकण फिरवलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

गोळ्या, पट्टा, इंजेक्शनं सगळं झालं. शेवटी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढायला सांगितला. मी म्हटलं, "दुखतंय ते मला कळतंय की! हातच्या कांकणाला आरसा कशाला?" त्या हसल्या आणि फोटो आल्यावर तो उजेडात धरून मला दाखवला. सांध्यातली गादी पार झिजली होती, हाडावर हाड घासत होतं. अंगठ्याच्या बुडातलं ते छोटं हाडच काढून टाकायचं आणि मनगटाकडच्या एका स्नायूची दोरी गुंडाळून तिथं बसवायची, असं त्या म्हणाल्या.

हाड घासूनपुसून नीट करतील, फार तर स्क्रू मारतील, एवढीच माझी तयारी. हाडच नसलं तर अंगठा उभा कशावर राहणार? आणि अंगठा गेला तर मी करणार काय?

नवरा म्हणाला, "आत्ता तरी कुठं बांगड्या भरतीस? भरता भरता रडतीस नुस्ती." राग आला, पण खोटं नव्हतं.

ऑपरेशनला फक्त हात बधिर केला होता. पडद्यापलीकडून हाड कुरतडल्याचा आवाज येत होता आणि दुखत काहीच नव्हतं. ते जास्त भयंकर वाटलं. मग कधीतरी गुंगीत डोळा लागला.

जाग आली तर पोटावर कुणाचातरी हात. थंड आणि जड. मला वाटलं, गिऱ्हाईक बसलंय. डाव्या हातानं मी त्याची बोटं जुळवली, मापाचा अंदाज घेतला आणि अंगठा आत दाबायला लागले. ही बाई हाताला एवढं फडकं गुंडाळून का आलीय, म्हणून मनात चिडलेसुद्धा.

नर्स ओरडतच धावली. "आवं मावशी, काय करताय? तुमचाच हात हाय त्यो!"

आयुष्यभर लोकांचे हात धरले आणि स्वतःचा मेला ओळखू आला नाही. वर तोच दाबून बसले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "प्लास्टरनं सांभाळलं असावं," म्हणाल्या, "पण नक्की सुटल्यावरच कळेल." ते सुटेपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. आपल्या हातानं आपलं वाटोळं केलं, हेच डोक्यात.

प्लास्टर सुटलं. अंगठा हळूहळू करंगळीला टेकू लागला. दाबायची परवानगी मात्र कित्येक महिन्यांनी मिळाली.

त्यानंतर पहिली आली ती गल्लीतलीच एक सून. तिनं हात पुढं केला. मी दात आवळले, कळ येणार म्हणून श्वास धरला आणि दाबलं. बांगडी मनगटावर उतरली. कळ आलीच नाही. दुसरी भरली. नाहीच. इतकी वर्षं ती कळ मी धंद्याचाच भाग धरून चालले होते. मला एकदम रडू फुटलं.

पोर घाबरली. "काय झालं वं? काच घुसली का?"

मी मान हलवली, डोळे पुसले आणि म्हटलं, "दुसरा हात दे."