खाणीत बुडवलेली होडी

आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक प्रमाणपत्र लटकतंय. स्वच्छ परिसराबद्दल सोसायटीला मिळालेलं. ते दिसलं की इतक्या वर्षांनीही माझं डोकं फिरतं, म्हणून मी जिन्याने जातो.

धायरीतल्या या इमारतीमागे दगडाची जुनी खाण आहे. पाणी साचून तिचं डबकं झालंय. बिल्डरने गुळगुळीत कागदावर त्या डबक्याला ‘लेक’ म्हटलं, आणि आम्ही आयटीतली शहाणी माणसं लेककडे तोंड असलेली बाल्कनी मिळावी म्हणून एकमेकांशी भांडलो. मीही भांडलो. बाप खाडीकाठी वाढलेला, आणि मुलाला डबकं आणि तळं यांतला फरक कळू नये, याला काय म्हणावं?

बाबांची सगळी नोकरी खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात झाली. निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले. काका गेल्यावर कोकणातलं घर विकलं गेलं, तिथे रिसॉर्ट झालं. वाटणीत बाबांनी एकच गोष्ट मागितली, आजोबांची होडी. सपाट बुडाची, दोन माणसं आणि एक जाळं मावेल एवढी. आमच्या खाडीत ओहोटीला गुडघाभर पाणी उरतं. खोल बुडाची होडी तिथे चिखलात रुतून बसते. ही मात्र बांबूने ढकलत कुठेही न्यावी.

बाबांनी ती टेम्पोत घालून पुण्याला आणली आणि माझ्या पार्किंगमध्ये ठेवली. आठवड्याच्या आत नोटीस लागली, ‘पार्किंगमध्ये वाहनाखेरीज काहीही ठेवू नये.’ बाबांनी त्याखाली पेनाने लिहिलं, ‘होडी हे वाहनच आहे. शंका असल्यास खाडी पोहून पार करून पाहावी.’

बेत साधा होता. होडी दुरुस्त करायची, नारळी पौर्णिमेला गावी न्यायची, आणि आम्ही दोघांनी खाडीत एकदा जाळं टाकायचं. नंतर ती त्यांच्या एका जुन्या सोबत्याच्या अंगणात राहणार होती. “गुडघे एवढं वर्ष ऐकतील, पुढचं सांगता येत नाही,” बाबा म्हणाले. मी रजा टाकली. चार महिने त्यांनी रंधा मारला, दोन फळ्या बदलल्या, फटींत कापूस कोंबून वर डांबर लावलं.

मग राहिलं शेवटचं काम. बरेच दिवस कोरडी पडलेली होडी तशीच पाण्यात सोडली तर जागोजागी गळते. म्हणून आधी तिला मुद्दाम बुडवायची. आत दगड भरायचे, तळाशी बसवायची आणि आठ दिवस हात लावायचा नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फळ्या एकमेकींना घट्ट धरतात. बाबांनी गावी न्यायला ठरवलेल्या टेम्पोवाल्याला आणि त्याच्या पोऱ्याला हाताशी धरून ती खाणीच्या उतारावर, उथळ पाण्यात बुडवली. वर फक्त टोक दिसत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मला ऑफिसात सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. “अहो, तुमच्या वडिलांची होडी बुडाली की हो! बरं दिसत नाही ते. उद्या स्वच्छतेच्या स्पर्धेचे परीक्षक येतायत. जेसीबी आलाच आहे, काढून टाकू का?”

दुसऱ्या कानात लंडनचा क्लायंट मला एका बटणाचा रंग बदलायला सांगत होता. निळा की गडद निळा, यावर वीस मिनिटं काथ्याकूट चालला होता.

“काढा, काढा,” मी म्हणालो आणि निळ्याकडे वळलो.

संध्याकाळी परतलो तर गेटपाशी फळ्यांचा ढीग. दगडांसकट उचलायला गेले आणि बूड फाटलं. “बघा, किती कुजली होती!” सेक्रेटरी म्हणाले. कुजली? एकेक फळी पाणी पिऊन टच्च झाली होती! मी पार्किंगमध्ये उभा राहून त्यांना नाही नाही ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, “पण आम्ही आपली परवानगी घेतली होती.” खरं होतं ते. म्हणूनच त्यांचा गळा धरावासा वाटला.

बाबा खडकीला गेले होते. दोर बांधायला लोखंडी कडी हवी होती, ती एका जुन्या सहकाऱ्याकडून बनवून घ्यायला. ते बसमधून उतरून आले, ढिगासमोर थांबले. मी सगळं एका दमात सांगितलं. जेसीबी, परीक्षक, सेक्रेटरीचा मूर्खपणा. त्यांनी ऐकून घेतलं.

“विचारायला फोन कुणाला केला होता?”

“मला.”

“मग सांगितलं नाहीस, आम्हीच बुडवलीय म्हणून?”

“मीटिंगमध्ये होतो, बाबा. लक्षात नाही आलं.”

“आजोबा होडी बुडवायचे, तेव्हा दगड कोण आणून द्यायचं?”

मी. दरवर्षी नारळी पौर्णिमेआधी बाबा कारखान्यातून रजा काढून, शाळेला चिठ्ठी देऊन मला त्यासाठीच गावी न्यायचे. दगड मी आणायचो, आत रचायचोही मीच. त्या सबंध इमारतीत, तळाशी बसलेली होडी वाया गेलेली नसते हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक खडकीला गेला होता. दुसऱ्याला तर फोन करून विचारलं होतं.

मला वाटलं, आता तरी ते ओरडतील. ओरडायला हवं होतं. त्यांनी पिशवीतून ती नवी कडी काढली आणि माझ्या हातात दिली.

“टेम्पोवाल्याला नको म्हणून कळव,” ते म्हणाले. “तेवढं तरी लक्षात ठेव.”